मोठी कॉपी सुरू झाली की घरच्या सर्व्हरचं नेटवर्क जातं. नवं कार्ड घ्यावं का?

ऑफिसांतून निघालेला एक छोटा डेस्कटॉप घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली) टाकलंय. घरातले सगळे फोटो आणि आईबाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं त्यावरच आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. एरवी मशीन सुरळीत चालतं. पण सर्व्हरवरून मोठी फाइल बाहेर पाठवायला घेतली की नेटवर्क गायब! मॉनिटर लावला तर लॉगिन होतं, म्हणजे मशीन जिवंत आहे. केबल आणि राउटरचं पोर्ट बदलून झालं. कोणतं कार्ड घेऊ?

प्रतिसाद १
कार्डाचं नंतर बघू. आधी जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडमधून मागच्या बूटचा कर्नल लॉग (लिनक्सच्या गाभ्याने केलेल्या नोंदी) काढा. त्यात 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग', म्हणजे कार्ड अडकल्याची ओळ, दिसते का? आणि कार्डाचा ड्रायव्हर कोणता आहे ते ईथटूलला (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बघायची-बदलायची कमांड) विचारा.

धागाकर्ता
हो, तीच ओळ पुन्हा पुन्हा आलीय. ड्रायव्हर ई१०००ई (इंटेलच्या नेटवर्क चिपांचा).

प्रतिसाद १
मग नवं कार्ड न घेताही बहुतेक काम होईल. डेटाचे १५०० बाइटांच्या पॅकेटात मावतील असे तुकडे करायचं काम कर्नल कार्डावर सोपवतो, त्याला टीएसओ म्हणतात. या ड्रायव्हरच्या काही चिपांवर त्या कामात पाठवायची रांगच अडकते. म्हणून तर तुमचं नेटवर्क फाइल बाहेर जातानाच पडतंय. ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ (तशीच कर्नलमधली सोय) दोन्ही बंद करा आणि आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चांगला तासभर चालवून बघा. तुकडे करायचं काम आता प्रोसेसरवर येईल, पण १ गिगाबिटला ते जाणवतसुद्धा नाही.

बदल प्रत्यक्ष पोर्टावर करा, ब्रिजवर (व्हर्च्युअल मशीनांना त्या पोर्टाशी जोडणारा आभासी स्विच) नको. रीबूटनंतर तो टिकत नाही, म्हणून नेटवर्क इंटरफेसेसच्या फाइलमध्ये त्याच पोर्टाखाली पोस्ट-अपची (पोर्ट सुरू झाल्यावर आपोआप चालणारी) ओळ घाला. हे विसरू नका, नाहीतर वीज जाऊन आली की पुन्हा तेच.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. तरीही कार्ड घ्यायचंच झालं तर इंटेल आय३५०, दोन पोर्टांचं, वापरलेलं. त्याचा आयजीबी ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. मात्र या कार्डाच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा परत घेणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्या. तुमच्या छोट्या डेस्कटॉपात पीसीआय-एक्सप्रेस स्लॉट आहे ना, ते उघडून बघा. नसेल म्हणून यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर लावायचा विचार असेल, तर बॅकअपच्या मशीनला तरी ते नकोच.