शब्दचर्चा : ‘भूप्रभाव’ की ‘पृष्ठसान्निध्य परिणाम’?

प्रश्न : पाण्याला जवळजवळ चिकटून उडणाऱ्या सोव्हिएत यानांविषयी लिहिताना ‘ग्राउंड इफेक्ट’साठी, म्हणजे पाण्याच्या किंवा जमिनीच्या अगदी जवळून उडताना पंखांना होणाऱ्या लाभासाठी, ‘भूप्रभाव’ हा शब्द वापरावा का? आणि त्या यानांना ‘उभयचर विमान’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘भूप्रभाव’ मला दोन कारणांनी खटकतो. पहिले म्हणजे, त्यावरून पृथ्वीच्या गुरुत्वाचा किंवा चुंबकत्वाचा भास होतो. दुसरे असे की, सोव्हिएत अभियंते रोस्तिस्लाव अलेक्सेयेव यांचे ‘केएम’ हे उड्डाणावेळी एकूण 544 टनांपर्यंत वजनाचे यान 1966 पासून कॅस्पियन समुद्रावर उडत होते आणि तिथे खाली भूमी नव्हतीच. शिवाय आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘रामन परिणाम’ आणि ‘प्रकाशविद्युत परिणाम’ रुळलेले असताना इथे हिंदीतला ‘प्रभाव’ घेण्याची गरज नाही.

शब्द ठरवण्यापूर्वी क्रिया पाहावी. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वर वळते, तिचे भोवरे मागे सुटतात, आणि त्यांच्यामुळे पंखाजवळचा प्रवाह खाली झुकून उत्थापक बल, म्हणजे यानाला वर उचलणारे बल, किंचित मागे कलते. या कललेल्या बलाचा यानाला मागे खेचणारा भाग म्हणजेच प्रवर्तित ओढ. पंखांच्या एकूण लांबीपेक्षा कमी उंचीवर यान आले की खालचे पृष्ठ, म्हणजे पाणी किंवा जमीन, त्या भोवऱ्यांना आणि झुकलेल्या प्रवाहाला मोकळेपणी पसरू देत नाही, त्यामुळे ओढ घटते. अगदी खाली उतरल्यावर पंखाखाली कोंडलेल्या हवेचा दाबही वाढतो. पेलिकनसारखे जड पक्षी पाण्यालगत पंख न हलवता दूरवर तरंगत जातात, त्यांनाही याच परिणामाचा लाभ होतो. म्हणून ‘पृष्ठसान्निध्य परिणाम’ हा शब्द मला नेमका वाटतो.

दुसरे मत : शब्द नेमका आहे, पण जड आहे. ‘जमिनीलगत’, ‘काठालगत’ म्हणणाऱ्या मराठीला ‘पृष्ठलगत परिणाम’ सहज पेलेल. संस्कृत शब्दाला ‘लगत’ जोडणे काहींना रुचणार नाही, तरी वाचकाला अर्थ तत्काळ कळतो. रशियनांनी या यानाला ‘एक्रानोप्लान’ म्हटले. त्यातल्या ‘एक्रान’चा अर्थ पडदा, म्हणजे हवेच्या वाटेत आलेली आड, आणि ही आड पाण्याची, बर्फाची किंवा वाळूची कशाचीही असू शकते. मात्र ‘हवेच्या गादीवर चालणारे यान’ हे वर्णन टाळावे, कारण ते होवरक्राफ्टचे आहे. होवरक्राफ्ट पंख्यांनी हवा भरून जागच्या जागीही उचलले जाते, तर एक्रानोप्लानला वेग लागतोच.

उत्तर : ‘पृष्ठलगत’ मला मान्य आहे, सामान्य लेखनात तोच वापरावा. ‘उभयचर’ मात्र सरसकट लावू नये. पाण्यावर आणि धावपट्टीवर अशा दोन्ही ठिकाणी उतरू शकते ते उभयचर. केवळ पाण्यावर उतरणारी ती उडती नौका. इटलीहून सोव्हिएत संघात आलेले विमानरचनाकार रोबेर्तो बार्तिनी यांनी रशियातील तागानरोग येथे साकारलेले ‘व्हीव्हीए-14’ या बाबतीत बोलके उदाहरण आहे, कारण त्या आद्याक्षरांचा अर्थच ‘उभे उड्डाण करणारे उभयचर’ असा आहे. 1972 मध्ये ते प्रथम धावपट्टीवरून उडाले, पुढे त्याला फुगवता येणारे तरंडे बसवले गेले, परंतु उभ्या उड्डाणासाठी नियोजित असलेली 12 इंजिने कधीच मिळाली नाहीत. 1974 मध्ये बार्तिनी निवर्तल्यावर त्याच यानाचे रूपांतर करून पृष्ठलगत उड्डाणाचे प्रयोग झाले. त्यामुळे एकाच यानाविषयी लिहितानाही आधीच्या रूपाला ‘उभयचर विमान’ आणि नंतरच्या रूपाला ‘एक्रानोप्लान’ म्हणावे लागते.