एमिनेमचं खरं पुनरागमन 'रिलॅप्स'च, 'रिकव्हरी' नव्हे

ठेकेदार
विषय जुना आहे, पण दर वेळी तीच चूक होते म्हणून एकदाचा धागाच काढतोय. अमेरिकन रॅपर एमिनेमच्या पुनरागमनाचं श्रेय लोक सरसकट 2010च्या 'रिकव्हरी' अल्बमला देतात. माझं म्हणणं असं की रॅपर परत आला तो 2009च्या 'रिलॅप्स'मध्ये. 'रिकव्हरी'ने परत आणलं ते गिऱ्हाईक.

नव्या मंडळींसाठी आधीची हकीकत थोडक्यात. 2000 आणि 2002चे दोन अल्बम, '8 माइल' सिनेमा, त्यातल्या गाण्याला ऑस्कर (हिपहॉपला मिळालेलं पहिलंच), इथवर नुसती चढण. 2004चा 'एन्कोअर' ढिसाळ. 2005 मध्ये युरोपचा दौरा रद्द आणि झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनावर उपचार. एप्रिल 2006 मध्ये डेट्रॉइटच्या एका क्लबात गोळीबार होऊन जिवलग मित्र प्रूफ गेला. डिसेंबर 2007 मध्ये मेथाडोन (अफूच्या जातीचं औषध) जास्त झाल्याने हा स्वतः मरता मरता वाचला. 20 एप्रिल 2008 पासून मात्र पूर्ण निर्व्यसनी.

त्या ओव्हरडोसनंतर रॅप करणं नव्याने शिकावं लागलं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. आणि निर्व्यसनी झाल्यावर जेमतेम 13 महिन्यांत 'रिलॅप्स' बाजारात. त्यातल्या ज्या विचित्र हेलांची सगळे टर उडवतात, ती नक्कल नाही, ते हत्यार आहे. इंग्रजीत स्वर पातळ असतो, बोलणारा बदलला की तोही बदलतो. मराठीत 'काम'चं 'कोम' केलं तर शब्दच मेला. इंग्रजीत तसं होत नाही. हेल बदलला की एरवी न जुळणारे दोन शब्द जुळतात, आणि तोच हेल धरून ठेवला तर अख्खं कडवं एका यमकावर ओढता येतं. 2010च्या टीव्ही मुलाखतीत त्याने 'ऑरेंज'ला यमकच नाही हा समज खोडून दाखवला होता, आठवतंय? शब्दाचे 'ऑर' आणि 'इंज' असे दोन तुकडे केले आणि फोर-इंच, डोअर-हिंज, स्टोरेज, पॉरिज, जॉर्ज अशी माळ लावली. 'रिलॅप्स' म्हणजे तासाभराहून जास्त वेळ चाललेलं हेच काम.

दीडमात्रा
असहमत, आणि साक्षीदार म्हणून खुद्द आरोपीलाच उभा करतो. 'नॉट अफ्रेड'मध्ये तो सरळ म्हणतो की मागचा अल्बम यथातथाच होता आणि हेलांचा अतिरेक झाला. 'रिकव्हरी'तल्याच दुसऱ्या एका गाण्यात 'एन्कोअर' नशेत केला आणि 'रिलॅप्स'च्या वेळी अंगातलं ते विष बाहेर पडत होतं, अशीही कबुली आहे. कलाकारच म्हणतोय की मी तेव्हा बरा होत होतो, बरा झालेलो नव्हतो. तुम्ही कोण ठरवणारे?

दुसरं म्हणजे हेलाने यमक जुळतं हे मान्य, पण किंमत काय मोजली? शब्द कळेनासा होतो. अर्धा आयरिश, अर्धा जमैकन आणि उरलेला कुठला ते देव जाणे. विषयही तेच ते: मालिका-खुनी, गोळ्या, नटनट्यांची नावं. त्या अल्बममधलं आजही लोक मनापासून ऐकतात ते गाणं 'ब्यूटिफुल'. त्यात हेल नाही, बीट (मागचं वाद्यसंगीत) निर्माता डॉ. ड्रेचं नाही, आणि ते लिहायला घेतलं व्यसन सुटायच्या आधी. म्हणजे 'रिलॅप्स'मधली सर्वात चांगली गोष्ट 'रिलॅप्स'सारखी नाहीच.

कोरडा_पाव
आकडे टाकतो, मग भांडा. अमेरिकेत पहिल्या आठवड्याचा खप: 'रिलॅप्स' सुमारे 6 लाख 8 हजार, 'रिकव्हरी' 7 लाख 41 हजार. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. खरा फरक पुढे पडला. 'नॉट अफ्रेड' आलं तेच थेट पहिल्या क्रमांकावर, रिहानासोबतचं गाणं तिथे 7 आठवडे ठाण मांडून होतं आणि 'रिकव्हरी' 2010चा जगात सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मात्र दोघांनाही मिळालंय, त्यामुळे तो मुद्दा कुणीच काढू नये.

तिहाई
मत देण्याआधी स्वतः तपासून बघा, अर्धा तास लागतो. दोन्ही अल्बममधली एकेक गाणी घ्या, प्रत्येकी 8 बार पुरेत (चार ठोक्यांचा एक बार). बार मोजताना स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) धरा, तो दोन आणि चारवर पडतो. मिनिटाला 90 ठोके असतील तर एक बार साधारण 2.67 सेकंदांचा. नेटवरच्या छापील ओळींवर विसंबू नका. तिथे वाक्य संपलं की ओळ तोडतात, बार संपला की नाही. बहुतेकांचं गणित इथेच फसतं, आणि मग 'यमक मध्येच येतं, टोकाला नाही' अशी तक्रार करतात. ते टोकालाच असतं, ओळ चुकीच्या जागी तोडलेली असते.

मग ऐकू येतं तसं देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंग डोळ्याला फसवतं. आता व्यंजनं खोडा, नुसते स्वर ठेवा: 'आ-इ-ऑ-अ' असं काहीतरी उरेल. तोच गट पुढे जिथे जिथे येतो तिथे गोल करा. 'रिलॅप्स'मध्ये चार-चार, पाच-पाच स्वरांचा एकच गट कित्येक बार चालतो, कधी जवळजवळ संपूर्ण कडवंभर. 'रिकव्हरी'त बऱ्याच ठिकाणी दोन बार झाले की गट बदलतो, कारण दुसऱ्या बारच्या शेवटी कोटी मारायची असते. कारागिरी दोन्हीकडे आहे, पण जात वेगळी.

फक्त एक सावधगिरी. हेल जिथे आहे तिथे शब्दकोशातला उच्चार लिहू नका, त्याच्या तोंडून येतो तोच लिहा. नाहीतर गोल करायला काहीच सापडणार नाही आणि 'यमकच नाही' म्हणून मोकळे व्हाल.

आर्याप्रेमी
हा वाद मराठीत दोनशे वर्षांपूर्वीच झालाय हो. मोरोपंतांनी कितीतरी रामायणं रचली. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं पूर्ण वगळून. कसरत म्हणून अचाट. आज कुणाला तोंडपाठ आहे? पाठ आहे ती 'केकावली', कारण तिथे माणूस देवापुढे हात जोडून उभा आहे. 'रिलॅप्स' म्हणजे निरोष्ठ रामायण, 'रिकव्हरी' म्हणजे केकावली. विषय संपला.

ठेकेदार
@आर्याप्रेमी, दाखला झकास, पण उलटा पडतो. केकावलीतली सर्वात प्रसिद्ध ओळ आठवा: घडो, पडो, झडो, नावडो. एका श्लोकात चार वेळा यमक! कसरतीने जीभ कमावली म्हणून प्रार्थना तशी उतरली. 2009ची तालीम नसती तर 2010चं काही झालंच नसतं, मी तेच म्हणतोय.

@दीडमात्रा, 'ब्यूटिफुल'चा मुद्दा बिनतोड आहे, तिथे हरलो. पण कलाकाराच्या कबुलीवर किती भरवसा ठेवायचा? 2009च्या डिसेंबरात त्याने 'रिलॅप्स'मध्येच 7 जादा गाणी घालून 'रिफिल' काढला, पाठोपाठ 'रिलॅप्स 2' यायचा होता. एप्रिल 2010 मध्ये जाहीर केलं की तो येणार नाही, 'रिकव्हरी' येणार. दिशा बदलली की मागचं नावं ठेवून बदलायची, ही तर नवा माल विकायची साधी रीत.

घासूनघे
दोघांचंही निम्मं बरोबर. 'रिकव्हरी'चा दोष यमकात नाही, आवाजात आहे. 'रिलॅप्स' जवळजवळ पूर्ण ड्रेच्या बीट्सवर आहे. बास खोल, मध्ये मोकळी जागा, त्या जागेत शब्द नीट बसतो. 'रिकव्हरी'त बॉय-वनडा, जस्ट ब्लेझ, अ‍ॅलेक्स द किड, डीजे खलील असे बीट बनवणारे बरेच हात, आणि ध्रुवपद दिसलं की गिटारची भिंत. त्या भिंतीवरून ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं, म्हणून तो अर्धा अल्बम ओरडतोय. इयरफोनवर सलग ऐकून बघा, दहाव्या गाण्याला कान शिणतो. शिवाय 'अमक्यासारखा मी तमका' छापाच्या कोट्या इतक्या की दर चौथ्या ओळीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वास.

माझ्या मते खरा परत आला तो जून 2011 मध्ये, रॅपर रॉइस द फाइव्ह नाइनसोबतच्या 'बॅड मीट्स ईव्हिल' या जोडीच्या छोट्या अल्बमवर. समोर तोडीस तोड माणूस, हेल नाही, रडगाणं नाही, एकाने चार बार टाकले की दुसरा त्याच यमकावर उचलतो. दोन तबलजींची सवाल-जवाबाची बैठक समजा.

दीडमात्रा
ओरडण्याबद्दल बोलताय तर मंचावर काय होतं तेही बघा. स्टुडिओत कडवं तुकड्यांत रेकॉर्ड करता येतं. श्वास संपला की थांबा, मागच्या शब्दाला जोडून पुढचा टेक घ्या. लांबच लांब यमकाची माळ तिथे शोभते. मंचावर मात्र श्वास घ्यायला जागा लागते. सोबतीच्या गायकाने ओळीचं शेपूट उचललं की मुख्य गायकाला अर्धा ठोका मिळतो. प्रूफ हेच काम करायचा, नंतर मिस्टर पोर्टर करू लागला. 'रिकव्हरी'ची ध्रुवपदं तर थेट लोकांच्याच तोंडी देता येतात. सप्टेंबर 2010 मध्ये रॅपर जे-झीसोबत आधी डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क आणि मग न्यू यॉर्कचं यांकी स्टेडियम, दोन्ही बेसबॉलची मैदानं, प्रत्येकी दोन रात्री. 2005 मध्ये दौरा सोडून गेलेला माणूस पाच वर्षांनी स्टेडियम भरून, दम न तुटता गातोय. ह्याला पुनरागमन म्हणायचं नाही तर कशाला? बंद खोलीत स्वर जुळवण्याला?

तिहाई
दमावरून आठवलं. 2013चं 'रॅप गॉड' 6 मिनिटं 4 सेकंदांत 1,560 शब्द म्हणून गिनीजमध्ये गेलं. भागाकार केला तर सेकंदाला सव्वाचारच शब्द निघतात. सगळे ज्याचं कौतुक करतात तो 15 सेकंदांत 97 शब्दांचा तुकडा आहे, तिथे वेग साडेसहाच्या आसपास. म्हणजे सरासरीचा विक्रम वेगळा आणि जीभ दिसते ती जागा वेगळी. हे फक्त 'सर्वात वेगवान गाणं' म्हणून मिरवणाऱ्यांसाठी, मूळ वादाशी संबंध नाही.

कोरडा_पाव
संबंध आहे की. वेगाची ती हौस 'रिकव्हरी'त फारशी दिसत नाही, नंतर वाढत गेली. आणि 2017चा 'रिव्हायव्हल' पडल्यावर पुढच्याच ऑगस्टमध्ये गाजावाजा न करता 'कामिकाझे' टाकून तो सगळ्यांवर तुटून पडला, ते कितवं पुनरागमन धरायचं?

ठेकेदार
त्याला वेगळा धागा. इथे 2009 आणि 2010 एवढंच. आणि दीडमात्रा, बंद खोलीतलं काम ऐकायचंच असेल तर 'रिफिल' ऐका, पण तिहाईंनी सांगितलं तसं, पेन्सिल घेऊन.

दीडमात्रा
गाणं ऐकायला पेन्सिल लागते, इथेच तुमचा अल्बम हरला.