स्मार्ट बोर्ड आले, मदतीला माणूस कधी येणार?

भौतिकशास्त्राची_बाई: कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी आमच्या कॉलेजात वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड लागले. आज त्यातल्या दोन बोर्डांचा टच चालत नाही आणि तक्रार कुणाकडे करायची, हे कार्यालयालाही सांगता येत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. चार क्रेडिटचा मूक (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) कोर्स पूर्ण तयार केला, तर पदोन्नतीच्या हिशेबात २० गुण मिळतात. गुण मिळतात, पण वेळ कोण देणार? दहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी संहिता, आकृत्या, रेकॉर्डिंग, संपादन यांत अख्खा रविवार जातो. हे तास वर्कलोडमध्ये धरा आणि मूडल (ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली) सांभाळणारा, व्हिडिओचं संपादन येणारा एक तरी माणूस कॉलेजला द्या.

सीएचबीवाला: मॅडम, मागणी रास्त आहे, पण आधी रिक्त जागा भरा. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून घ्यायच्या क्रेडिटची मर्यादा २०१६ साली २० टक्के होती, २०२१मध्ये ती ४० टक्के झाली. मुलं ऑनलाइन शिकली की वर्गातले तास घटतात, तास घटले की पद जातं, आणि सगळ्यात आधी घरी बसतो तो तासिका तत्त्वावरचा माणूस. मला तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन् महिने रखडून. मी व्हिडिओ कशाच्या जोरावर करू?

भौतिकशास्त्राची_बाई: सर, जागा भरल्याच पाहिजेत. पण तोवर मुलांनी काय करायचं? प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री ऑसिलोस्कोपची जोडणी पुन्हा बघायला मिळाली, तर दुसऱ्या दिवशी मुलं न घाबरता हात लावतात. हे मी दर बॅचला बघते.

लातूरकर_एमएस्सी: मी विद्यार्थी म्हणून सांगतो. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ धडे, मराठीतही आहेत, उतरवून घेऊन नेटशिवाय चालतात. तिथे आधी संहिता लिहितात, नवशिक्याकडून तपासून घेतात, मग रेकॉर्डिंग. एवढी यंत्रणा पाठीशी असली तर साहित्य चांगलं होणारच. आमच्या सरांनी एकट्याने मोबाइलवर केलेल्या व्हिडिओत फळ्यावरचं नीट वाचताही येत नाही. त्यात सरांचा काय दोष?

सीएचबीवाला: दोष नाहीच. तुझं म्हणणं पटतं, तरी माझा विरोध कायम आहे. तो व्हिडिओ पुढच्या वर्षी माझ्याच तासाच्या जागी लावला, तर मी कुणाकडे जायचं? रेकॉर्डिंगमुळे मंजूर तासिका कमी होणार नाहीत, असं विद्यापीठाने परिपत्रकात लिहून द्यावं. मग कॅमेऱ्यासमोर मी आजच उभा राहतो.