आतल्या रस्त्याचं डांबरीकरण : दोन कोटेशनं, दुपटीहून जास्त फरक

सचिव (बी ४०१): सर्वांना नमस्कार 🙏 गेटपासून सी विंगपर्यंतच्या रस्त्याची दोन कोटेशनं आली आहेत. क्षेत्रफळ ६,००० चौ. फूट.
पहिलं : "डांबरीकरण", ₹३८ चौ. फूट. जीएसटी धरून ₹२,६९,०४०.
दुसरं : ४० मिमी हॉटमिक्स (डांबर-खडीचं गरम मिश्रण) ₹६० चौ. फूट, त्याशिवाय ९०० चौ. फुटांचा पाया उकरून नव्याने भरायचा ₹११० दराने, आणि बी विंगसमोर ढाळ काढून जाळीचं गटार ₹६०,०००. जीएसटी धरून ₹६,१२,४२०.
६० फ्लॅट धरले तर पहिलं प्रत्येकी ₹४,४८४, दुसरं ₹१०,२०७. रविवारच्या आत मतं कळवा.

सी ६०३: ताई, पहिलंच घेऊ या. काम तेच आहे, खड्डे बुजायला हवेत. सहा लाख कशासाठी?

ए ५०२: +१. आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना एकदम दहा हजार काढणं जड जातं.

ए १०४: खड्डे बुजले तरी पाण्याचं काय? मागच्या वेळी जुन्यावरच नवा थर टाकला, तेव्हापासून पावसाचं पाणी आमच्या पायरीपर्यंत येतं. मीटररूममध्येसुद्धा शिरतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांचा विचार आधी करा.

बी ३०२: काकू बरोबर बोलताहेत. बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर नोकरी झाली म्हणून जरा सविस्तर लिहितो, कृपया शेवटपर्यंत वाचा.
पहिल्या कोटेशनमध्ये जाडी लिहिलेलीच नाही. मी फोन करून विचारलं. "पंचवीस मिमी" म्हणाले. दाबून पंचवीस की सैल पंचवीस, असं विचारल्यावर उत्तर आलं, सैल. रोलर फिरला की त्याचे जेमतेम २० मिमी राहतात. म्हणजे आपण जाडीतला फरक न बघता नुसते दर शेजारी ठेवतोय.

बी ३०२: आता वजनात बघा, कारण हॉटमिक्स प्लँटमधून टनावर येतं. दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण २.३ टन. आपला रस्ता ५५७ चौ. मीटर. २० मिमीला लागतो सुमारे २६ टन माल, ४० मिमीला सुमारे ५१ टन. पहिल्याचे ₹२,२८,००० भागिले २६, टनाला ₹८,८०० च्या आसपास. दुसऱ्याचे नुसत्या वरच्या थराचे ₹३,६०,००० भागिले ५१, टनाला ₹७,००० च्या आसपास. स्वस्त दिसणारा माणूस माल महाग देतोय.

खजिनदार (सी २०२): काका, हा हिशोब डोक्यातच आला नव्हता. मी दोघांचे फक्त चौरस फुटाचे दर शेजारी शेजारी मांडले होते.

सी ६०३: ठीक आहे काका, वरच्या थराचं पटलं. पण ९०० फूट पाया कशाला? वरून चांगलं जाड टाकलं तर खड्डा पडेलच कशाला?

बी ३०२: खड्ड्याची सुरुवात भेगेतून होते. भेगेतून पाणी खाली जातं, खडीखालचा मुरूम भिजून मऊ होतो, वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने बारीक माती घेऊन बाहेर येतं. खाली पोकळी होते आणि वरचं डांबर बसतं. बी विंगच्या वळणावर पावसाळ्यात चाकाखालून गढूळ पाणी उडतं ना, ते हेच. तिथला मुरूम चिखल झालाय. त्यावर ४० मिमी काय, ८० मिमी टाकलं तरी पुढच्या जुलैत त्याच जागी खड्डा दिसेल. आपण दरवर्षी तिथे मिक्सची पोती ओततो, ते पैसे असेच गेले.

बी ३०२: शिवाय तो टँकरचा मार्ग आहे. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन, गाडीचं वजन वेगळं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवून चाचण्या घेतल्या होत्या. त्यांतून निघालेला अंदाज असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान साधारण सोळा पट होतं. म्हणून आपल्या सगळ्या गाड्या दिवसभर ये-जा करून जे करत नाहीत, ते एक भरलेला टँकर करून जातो. रस्ता कुठे फुटलाय बघा : गेट, बी विंगचं वळण, टाकीपाशी. पार्किंगसमोर फक्त बारीक भेगा आहेत.

बी ७०१: काका, मग पेव्हर ब्लॉक का नको? पाइप फुटला तर ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात.

बी ३०२: त्या कारणासाठी चांगलेच आहेत. टाकीपाशी जिथे सारखी लाइन उकरावी लागते, तिथे मी स्वतः ब्लॉक सुचवेन. पण टँकर जाणार असेल तर ६० मिमीचे चालणार नाहीत, ८० मिमीचे घ्यावे लागतील, कडेला कर्ब लागेल आणि खालचा पाया तोच लागेल. पायाचा खर्च टळत नाही.

ए ५०२: पुण्यात जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात झाला, त्याचं उदाहरण लोक अजून देतात. आपला दोन पावसाळ्यांत का जातो?

बी ३०२: त्या कामाला ठेकेदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. आपण करारात हमीचा शब्दसुद्धा लिहीत नाही. या वेळी लिहू. शंभरातले दहा रुपये राखून ठेवायचे आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्यायचे.

ए १०४: माझा प्रश्न राहिला. उंची वाढणार का?

बी ३०२: काकू, तुमच्या विंगसमोर वाढू द्यायची नाही. तिथे जुना थर खरवडून काढायचा आणि तेवढाच नवा घालायचा. चेंबरची झाकणंही नव्या पातळीला आणावी लागतील, नाहीतर ती खड्ड्यासारखी खाली राहतात आणि गाड्या आपटतात. हे दोन्ही कोटेशनांत नाही. आत्ताच विचारून घेतलं नाही तर काम चालू झाल्यावर "जादा काम" म्हणून बिलात येईल.

खजिनदार (सी २०२): दुसऱ्या ठेकेदाराने लिहिलंय की दर फक्त पंधरा दिवस वैध. दबाव टाकतोय का?

बी ३०२: नाही, ते खरं आहे. डांबर कच्च्या तेलातून येतं आणि तेल कंपन्या त्याचे दर पंधरवड्याला बदलतात. ५१ टनांत साधारण पावणेतीन टन डांबर असतं, त्यामुळे फरक पडतो. छोट्या कामाचा दर जास्त असण्याचं कारणही समजून घ्या. माल पसरायचं पेव्हर मशीन आणि रोलर ट्रेलरवर आणायचं भाडं काम लहान असो की मोठं, तेवढंच. शेजारच्या सोसायटीलाही रस्ता करायचाय असं ऐकलं. एकाच दिवशी केलं तर ते भाडं वाटून जाईल. ताई, त्यांच्या सचिवांशी बोलता येईल का?

सचिव (बी ४०१): आजच बोलते काका. पण ए ५०२च्या काकांसारख्या सभासदांना ₹१०,२०७ खरंच जड आहेत. कमी करायला काही वाव?

बी ३०२: आहे. सगळे ६,००० फूट करायची गरज नाही. टँकरच्या मार्गाचे ३,५०० फूट नीट करू. पार्किंगसमोर भेगा साफ करून गरम डांबराने भरून घेऊ. काम कमी झालं म्हणून तो दर ६० वरून ६५ करेल, तसं धरूनच मांडतो : थर ₹२,२७,५००, पाया ₹९९,०००, गटार ₹६०,०००, भेगा अंदाजे ₹२०,०००. एकूण ₹४,०६,५००, जीएसटी १८ टक्के धरून ₹४,७९,६७०. फ्लॅटमागे आठ हजारांच्या आत. खरवडणं आणि चेंबर वेगळं, त्याचा दर मागवावा लागेल. पाया आणि गटार मात्र कापू नका, हात जोडून सांगतो. कापायचंच असेल तर काळ्या थराचं क्षेत्रफळ कापा.

सी ६०३: हे पटतं. माझं मत बदललं, या मांडणीला होकार.

खजिनदार (सी २०२): सगळ्यांच्या खिशातून आत्ताच मागायला नको. दुरुस्ती व देखभाल निधी आहेच. उपविधींप्रमाणे तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के जमा व्हायला हवा. शिल्लक काढून उद्या इथे टाकतो, कमी पडेल तेवढीच रक्कम दोन हप्त्यांत घेऊ. मंजुरी सर्वसाधारण सभेतच.

बी ७०१: दिवाळीच्या आधी होईल का? पाहुणे येतात.

बी ३०२: घाई नको. आधी बी विंगच्या वळणाखालची पाण्याची लाइन प्लंबरला दाखवा. पाऊस थांबून इतके दिवस झाले, तरी तिथली जमीन ओली आहे. गळती असेल तर ती आधी काढायची, जमीन सुकू द्यायची, मग पाया. मे महिन्यापर्यंत भरपूर वेळ आहे.

सचिव (बी ४०१): प्लंबर शनिवारी येतोय. आणि कामाच्या दिवशी लक्ष कोण ठेवणार? मला त्यातलं कळत नाही.

बी ३०२: मी उभा राहतो, सोबत दोन तरुण मुलं द्या. प्रत्येक डंपरची काटा पावती (वजनकाट्यावरची पावती) घ्यायची, टनांचा मेळ तिथेच लागतो. माल पसरताना तापमान १४० अंशांच्या वर हवं, थर्मामीटर ठेकेदाराकडे असतोच. गार झालेला माल दबत नाही, तो परत पाठवायचा. जुना रस्ता झाडून, त्यावर टॅक कोट (नवा थर चिकटण्यासाठी पातळ डांबराचा फवारा) मारल्याशिवाय एक फावडंही पडू द्यायचं नाही. आणि गाड्या आदल्या रात्रीच बाहेर लावा. ज्यांच्या गाडीतून तेल गळतंय त्यांनी आत्ताच दुरुस्त करून घ्या, तेलाने डांबर विरघळतं.

सी ६०३: काका, मी येतो. काटा पावत्यांचं मी बघतो.

बी ७०१: मीही.

सचिव (बी ४०१): छान. दोन्ही ठेकेदारांना एकच नमुना पाठवते : दाबलेली जाडी ४० मिमी, पाया ९०० फूट, ए विंगसमोर खरवडणं, चेंबर उचलणं, गटार, हमी, राखीव दहा टक्के. सुधारित दर आले की विशेष सभेची नोटीस काढते. काका, पाठवण्याआधी नमुना तुम्ही एकदा वाचाल ना?

बी ३०२: पाठव ताई, रात्री वाचून ठेवतो. चेंबर किती आहेत तेवढे कुणीतरी मोजून कळवा, आकडा नमुन्यातच टाकू.

ए १०४: आमच्या विंगसमोरचे मी उद्या सकाळी मोजते.