शब्दचर्चा: हितसंबंध, हितसंघर्ष आणि ‘तटस्थ’ राहणं

प्रश्न

नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत आणि नगरपरिषद सदस्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. सदस्याच्या स्वतःच्या धंद्याचा, जमिनीचा किंवा घरच्या माणसाचा विषय सभेपुढे आला तर त्याने काय करायचं, एवढंच तिच्यात आहे. मूळ मसुदा इंग्रजीत आहे आणि तीन ठिकाणी माझं घोडं अडलं आहे.

‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ला काय म्हणायचं? वर्तमानपत्रांत हितसंघर्ष, परस्परविरोधी हितसंबंध, दुहेरी हितसंबंध, परस्पर हितसंबंध असं सगळं वाचायला मिळतं. ‘रिक्यूज’साठी (म्हणजे त्या विषयातून स्वतःला बाजूला ठेवणं) मी ‘तटस्थ राहावे’ लिहिलं, पण मनाला पटत नाही. आणि ‘कोड ऑफ एथिक्स’ला सरळ ‘आचारसंहिता’ म्हटलं तर चालेल का?

कोशातला जडजंबाल शब्द नको. सरपंचांनी एकदा वाचला की कळला पाहिजे.

प्रतिसाद

‘आचारसंहिता’ आधी बाजूला ठेवा, कारण ते सर्वांत सोपं आहे. आपल्याकडे ‘आचारसंहिता लागली’ म्हणजे निवडणूक जाहीर झाली, भूमिपूजनं थांबली, कोनशिला झाकल्या गेल्या. निकाल लागला की ती उठते. निवडून आलेल्या माणसाच्या हातात ‘आचारसंहिता’ नावाची पुस्तिका दिली तर त्याला ती मागच्या महिन्यातली गोष्ट वाटेल. ‘नीतिमत्ता’ही नको. तो शब्द माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवतो, आणि तुमची पुस्तिका चारित्र्याबद्दल नाही, कामाच्या पद्धतीबद्दल आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम’ लागू आहेत. तोच शब्द उचला: ‘सदस्यांसाठी वर्तणूक नियम’. पंचायतीतल्या प्रत्येकाच्या कानावरून ‘गैरवर्तणूक’ गेलेला असतो, त्यामुळे त्याची दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही.

आता ‘हितसंबंध’. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळी अडचण या शब्दाच्या आजच्या वापरात आहे असं माझं ठाम मत आहे.

मुळात ‘हित’ चांगल्या घरचा शब्द आहे: लोकहित, हितचिंतक, हितगुज. ‘हितसंबंध’ म्हणजे एखाद्या गोष्टीत आपलं बरंवाईट गुंतलेलं असणं, बस्स. पण बातम्यांमध्ये तो कुठे येतो ते पाहा. ‘यात कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत?’, ‘हितसंबंध जपण्यासाठी निविदा फिरवली’, ‘हितसंबंधीयांनी चौकशी दाबली’. शब्द आला की आरोप आलाच. मग सभेत अध्यक्षांनी ‘या विषयात कोणाचा हितसंबंध आहे का?’ असं विचारलं तर ऐकणाऱ्याला ते ‘तुमच्यातला चोर कोण?’ असं ऐकू येतं. हात वर कोण करणार?

आणि हे नियम तर हात वर करण्यावरच उभे आहेत. ज्या सदस्याची जमीन नव्या रस्त्याला लागून आहे, त्याने काहीही चूक केलेली नाही. जमीन वडिलोपार्जित आहे, रस्त्याची मागणी गावाची आहे. हितसंबंध ही त्याची परिस्थिती आहे. ती सांगितली नाही, तर मात्र कृती सुरू होते. म्हणून पुस्तिकेत तीन गोष्टींना तीन शब्द ठेवा आणि शेवटपर्यंत त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. जे आहे तो ‘हितसंबंध’. तो आणि सदस्य म्हणून असलेलं कर्तव्य एकाच विषयात समोरासमोर आले की ‘हितसंघर्ष’. आणि तो असताना लपवून मत दिलं, दर ठरवला, बिल काढायला लावलं, तर ‘पदाचा गैरवापर’.

‘दुहेरी हितसंबंध’ नको, कारण इथे दोन हितं नसतात. एका बाजूला हित असतं, दुसऱ्या बाजूला कर्तव्य. ‘परस्पर हितसंबंध’ तर पूर्ण उलटा अर्थ देतो. क्रिकेट मंडळाच्या कारभारावरच्या २०१६ च्या लोढा समितीच्या अहवालानंतर क्रिकेटच्या बातम्यांमधून तो फार फिरला, पण परस्पर म्हणजे एकमेकांचे. दोघांचं हित एकच असेल तर संघर्ष कसला? ‘स्वारस्य’ही टाळा. निविदांच्या जगात ‘स्वारस्य अभिव्यक्ती’ म्हणजे ‘हे काम आम्हाला हवं’ असं ठेकेदाराने कळवणं. ‘सदस्याने आपले स्वारस्य जाहीर करावे’ असं छापलंत तर तो काम मागतो आहे असं वाचलं जाईल.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त कायद्याकडूनही एकदा पाहायला हवं, कारण तिथे ‘हितसंबंध’ या एका शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १४(१)(ग) पाहा. पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा पंचायतीच्या नोकरीत स्वतःचा किंवा आपल्या भागीदाराचा, थेट किंवा आडून, हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर सदस्यत्व राहत नाही. इथे हेतू विचारलेला नाही. काम उत्तम झालं, दर बाजारापेक्षा कमी होता, गावाचा फायदा झाला, हे सांगून उपयोग नाही.

महानगरपालिका अधिनियम, १९४९ मात्र आणखी एक पायरी दाखवतो. कलम १० मध्ये असाच करारातला हितसंबंध अनर्हतेचं (सदस्य म्हणून अपात्र ठरण्याचं) कारण आहे, पण त्याच कलमात अपवादही आहेत: महापालिकेशी करार करणाऱ्या कंपनीत किंवा सहकारी संस्थेत भाग असणं, महापालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात वाटा असणं, वगैरे. अशा हितसंबंधाने नगरसेवकपद जात नाही. पण कलम ११ म्हणतं की अपवादात बसणाऱ्या बहुतेक हितसंबंधांपैकी एखादा असला, तरी त्या विषयावर मत देता येत नाही, चर्चेत भाग घेता येत नाही, प्रश्नही विचारता येत नाही. अशिलाच्या वतीने व्यावसायिक संबंध असेल तरीही तेच. म्हणजे वकील किंवा वास्तुविशारद असलेल्या नगरसेवकाने ग्राहकाच्या फाइलवर सभागृहात बोलायचं नाही. बोलला, तर मग पदावर गदा येते.

नेमकी हीच गफलत नवीन सदस्यांची होते. ‘माझं पद जात नाही ना, मग मी मत देऊ शकतो’ असं त्यांना वाटतं. पुस्तिकेत हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा: कोणता हितसंबंध असेल तर पदावर राहताच येत नाही, आणि कोणता असेल तर पदावर राहता येतं पण त्या विषयापासून लांब राहावं लागतं.

जाता जाता ‘लाभाचे पद’. संविधानाच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ मधली ती कल्पना शासनाखालच्या पदाबद्दल आहे. ठेका म्हणजे पद नव्हे. स्थानिक बातम्यांमध्ये दोन्हींची खिचडी होते, तुम्ही करू नका.

प्रतिसाद

ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, इतिवृत्तं लिहिण्यात आयुष्य गेलं, म्हणून ‘तटस्थ’बद्दल लिहितो.

ताई, तुमच्या मनाला पटत नाही ते बरोबर आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावरचा. इथे तर माणूस सारख्या अंतरावर नाहीच, तो एका बाजूला बांधलेला आहे. त्याला तटस्थ म्हणणं हेच खोटं होतं. शिवाय प्रत्यक्षात तटस्थ सदस्य काय करतो? सभेत बसतो, चर्चेत मनसोक्त बोलतो, इतरांना नजरेने सांगतो, आणि हात वर करायची वेळ आली की खाली ठेवतो. ठराव व्हायचा तसा होतो. विषयाशी ज्याचा संबंध आहे तोच त्या ठरावाचा सूचक, असंही मी पाहिलं आहे. कागदावर मत दिलेलं नाही, पण ठराव त्यानेच मांडलेला! म्हणून पुस्तिकेत सूचक आणि अनुमोदक हे दोन शब्द आवर्जून घाला. फक्त ‘मतदान करू नये’ लिहिलंत तर एवढी एक फट राहील.

दुसरे शब्दही इथे बसत नाहीत. ‘सभात्याग’ म्हणजे निषेध. उद्या बातमी येईल की सदस्य चिडून बाहेर पडले. ‘गैरहजर’ लिहिणं तर अन्यायाचं आहे. विनापरवानगी सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं, त्यामुळे प्रामाणिकपणे बाहेर बसलेल्या माणसाच्या नावापुढे ती नोंद नको. ‘माघार घेतली’ हे निवडणूक अर्जाचं.

आमच्याकडे बोलताना एक साधा प्रयोग असतो: ‘या विषयापुरता मी बाहेर थांबतो.’ ‘विषयापुरता’ या शब्दात सगळं येतं. सभा सोडलेली नाही, भांडण नाही, पुढच्या विषयाला मी आहे. इंग्रजीतल्या त्या एका क्रियापदासाठी मराठीत एकच क्रियापद शोधत बसू नका.

प्रश्न

मला ‘भागीदार’बद्दल विचारायचं आहे. सदस्य बाई, आणि पंचायतीचं काम त्यांच्या पतीच्या नावावर. किंवा सदस्य वडील, आणि मुलगा पंचायतीत नोकरीला. कायद्यातल्या ‘पार्टनर’मध्ये हे येतं का? हल्ली तर पार्टनर म्हणजे जोडीदारच.

प्रतिसाद

येत नाही. आणि इथे मराठी मदतीला येते. ‘भागीदार’ म्हणजे धंद्यातला, ‘जोडीदार’ म्हणजे संसारातला. मराठी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही, इंग्रजी मसुद्यावरून काम करणाऱ्याचा होतो. पुस्तिकेत ‘धंद्यातील भागीदार’ असंच लिहा.

पण म्हणून नातेवाइकांचा प्रश्न सुटत नाही. तो ‘आडून असलेला हितसंबंध’ या शब्दांत शिरतो, आणि न्यायालयांनी तिथे फार जपून पावलं टाकली आहेत. १९६६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालचा. नगरपालिकेच्या सदस्याचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता. न्यायालयाचं म्हणणं असं की, निव्वळ नातं आहे म्हणून हितसंबंध सिद्ध होत नाही. त्या नोकरीतच सदस्याचा हितसंबंध आहे हे दाखवावं लागतं. उलट २०१२ मध्ये गोव्यातल्या एका महिला पंचाच्या (पंचायत सदस्याच्या) पतीने पंचायतीचं काम घेतलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिची अनर्हता कायम ठेवली. तिथे गोव्याच्या नागरी कायद्यातली पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची तरतूद महत्त्वाची ठरली: पतीच्या कमाईत तिचा वाटा होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर सूत्र दिसतं. नातं विचारू नका, पैसा कुठे जातो ते विचारा.

कायदेमंडळाला कुटुंब आणायचं असतं तेव्हा ते स्पष्ट आणतं. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०(१ड) मध्ये बेकायदा बांधकाम नगरसेवकाने, त्याच्या पती किंवा पत्नीने अथवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने केलं तरी अनर्हता येते. ब्रिटनमध्येही २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली नगरसेवकाने आपल्यासोबत जोडीदाराचे आर्थिक हितसंबंधही नोंदवायचे असतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या करारविषयक कलमात हे तितकं स्पष्ट असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं, हे गावोगाव चालतं आणि सिद्ध करताना तक्रारदाराची दमछाक होते.

मात्र तुमची पुस्तिका केवळ अनर्हतेपुरती नाही. मुलाच्या नोकरीने पद गेलं नाही, तरी त्याच्या पगारवाढीच्या ठरावाला बापाने बाहेर थांबायला हवं. न्यायालयाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे, दुसऱ्याचं तुम्ही द्या.

प्रतिसाद

एक छोटी भर. वर ‘अनर्हता’ आला आहे. अधिनियमांच्या मराठीत तोच आहे, १९८६ च्या पक्षांतराविषयीच्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाच्या नावातही. पण गावात ‘अपात्र ठरला’ असंच म्हणतात. अपात्र शब्दाला अपात्री दानाचा वास आहे, माणूसच नालायक असल्यासारखा. तरीही वाचणाऱ्याला तोच कळतो. पहिल्यांदा ‘अपात्र (कायद्याच्या भाषेत अनर्ह)’ लिहा आणि पुढे अपात्र चालू ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. ग्रामसेवक काकांचं ‘विषयापुरता बाहेर’ तर मी मथळ्यातच घेते आहे. इतिवृत्ताचा नमुना असा केला आहे, बघाल का?

‘विषय क्र. ४ चर्चेला घेण्यापूर्वी सदस्य श्रीमती (नाव) यांनी या विषयात आपला हितसंबंध असल्याचे जाहीर केले. त्या विषयापुरत्या सभागृहाबाहेर थांबल्या. चर्चेत, सूचक-अनुमोदक म्हणून किंवा मतदानात त्यांनी भाग घेतला नाही.’

प्रतिसाद

चांगला आहे, ताई. दोन दुरुस्त्या. ‘हितसंबंध असल्याचे’ एवढ्यावर थांबू नका, कोणता तेही लिहायला लावा: ‘प्रस्तावित गटारालगत स्वतःच्या नावे घर असल्याचे’. नुसता ‘हितसंबंध’ लिहिला की वर म्हटलं तसा वास येतो आणि माणूस बिचकतो. घर लिहिलं की घरच राहतं. आणि शेवटी ‘विषय क्र. ५ च्या वेळी परत उपस्थित झाल्या’ ही ओळ घाला. नाहीतर पुढच्या ठरावाची मतं मोजताना आकडा जुळत नाही, आणि आक्षेप घेणारा बरोबर तिथेच बोट ठेवतो.