नाणी उकळण्यापलीकडचे काही

१९८५ मध्ये कॅपकॉमने आणलेला 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' हा नाणी टाकून खेळायचा व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळला, तर तो निव्वळ नाणी उकळण्यासाठीच कठीण केलेला वाटतो, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. पहिल्या फटक्याला खेळाचा नायक, सरदार आर्थर, याचे चिलखत गळून पडते, तो अंतर्वस्त्रांत उभा राहतो आणि दुसऱ्या फटक्याला त्याची हाडेच उरतात. स्मशानातल्या भीतीला दिलेली ही विनोदाची जोड खेळाचे रचनाकार तोकुरो फुजिवारा यांची खरी करामत आहे. एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नसल्यामुळे प्रत्येक उडी हा आधी घ्यायचा निर्णय ठरतो, आणि खेळाची बरीचशी दहशत राक्षसांपेक्षा या बंधनातूनच येते. रेड आरीमर हा तांबडा पंखवाला राक्षस तर आपण जवळ जाईपर्यंत वा शस्त्र फेकेपर्यंत शांत बसून राहतो आणि मग नेम चुकवत झेपावतो. (पुढे त्याच्या जातीच्या फायरब्रँडला स्वतंत्र खेळ मिळाला, हे योग्यच झाले.) फेकायचे शस्त्र म्हणून मशाल हाती आली की मात्र चिडचिड होते, कारण ती जवळच पडून जळत राहते आणि तेवढ्यात प्रेते अंगावर येतात.

नाण्यांचा आक्षेप मला पटतो तो शेवटाबाबत. सर्व टप्पे पार केल्यावर हा सैतानाचा सापळा होता असे सांगून सारा खेळ पुन्हा खेळायला लावणे, ही शुद्ध लबाडी आहे.