रोमान्स कादंबऱ्यांना तारे द्यायचे कसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडच्या पाच मैत्रिणी महिन्याला दोन इंग्रजी रोमान्स वाचतो, एक आजच्या काळातली, एक फँटसी. वाचून झालं की ५ पैकी तारे. इथेच घोडं अडतं.

आजच्या काळातल्या कथेत मी दोघांचं बोलणं बघते, आणि शेवटाआधीचं ते ठरलेलं भांडण पटतं का ते. फँटसीत मात्र राज्य, युद्ध, जादूचे नियम, सगळंच आलं. परवा अप्पा बळवंत चौकातून आणलेलं ६०० पानी पुस्तक घ्या: जग झकास, पण नायक ५०० वर्षांचा आणि रुसवेफुगवे अकरावीतल्या पोराचे! मी ३ दिले, मैत्रिणीने ५. गुडरीड्स या पुस्तकांना तारे देण्याच्या साइटच्या हिशेबात २ तारे म्हणजे ‘ठीक’, ३ म्हणजे ‘आवडलं’. आमच्याकडे ३ म्हणजे जवळपास नापास. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या साइटवर पाव तारासुद्धा देता येतो, त्याने वाद वाढलाच.

तुम्ही दोन्ही प्रकारांना एकच मोजपट्टी लावता का? प्रेमकथेला वेगळे आणि जगाला वेगळे गुण देऊन सरासरी काढणारं कुणी आहे? आणि मालिकेचा पहिला भाग ऐन मोक्याच्या जागी तोडला असेल तर तारा कापता का?

रविवारी बसणार आहोत, तोवर सांगा. (उदाहरण देताना शेवट फोडू नका, प्लीज.)